पातळ सरस

ला पास, ३ जुलै २००३

ती. होनोरातोमामाला,
गारठून लाकूड झालेल्या भाचीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र एकट्यानेच वाच, आईच्या हाती देऊ नकोस. गावचा फोन वादळात आडवा झालाय म्हणून लिहितेय. मी सुखरूप आहे, तू घडवलेला चेलो सुखरूप नाही.

काल पेटीतून बाहेर काढला, तर डाव्या कुशीला, पोटाची फळी कडेच्या पट्टीला मिळते तिथे, वीतभर फट! नख आत जातंय. गज ओढला की म्हाताऱ्याच्या छातीसारखी खरखर येते. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

दोष माझाच. आपल्याकडे ओल लागून वाद्य बिघडू नये म्हणून आपण ते चुलीच्या बाजूला टांगतो ना? मीही तेच केलं. इथल्या थंडीत ओल धरेल म्हणून रोज चेलो रॉकेलच्या शेगडीशेजारी ठेवला, आणि वर स्वतःच्या शहाणपणावर खूश! घरमालकीण दोन्या साबिना हसता हसता टोपी सावरत म्हणाली की अगं बये, आम्ही इथे बटाटेसुद्धा उघड्यावर टाकून खडखडीत सुकवतो नि वर्षभर खातो, या हवेत ओल शोधायला एक तूच आलीस. अति तिथे माती, दुसरं काय.

२६ तारखेला वाद्यवृंदाची निवड आहे. चेलोची जागा एकच, आणि वाद्य ज्याचं त्याने आणायचं. ही गेली तर पुन्हा कधी निघेल देव जाणे. पण खरी भीती वेगळीच आहे. बाबांनी स्वतः पाडलेल्या झाडाची ही फळी. ते गेले, एवढी ती उरली. ती मी भाजून काढली का रे? तसं असेल तर आडपडदा न ठेवता सांग.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
रोसेन्दा

*

उरुबिचा, ९ जुलै २००३

चि. रोसेन्दाला,
मामाचे अ. उ. आ., आणि एक टपली.

एकट्याने वाच म्हणे! बस गावात शिरली की तुझी आई ड्रायव्हरच्या आधी पायरीवर हजर असते. पत्र तिनेच फोडलं, मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं, तेही रडं आणि शिव्या वगळून काय उरेल तेवढंच.

आता नीट वाच. तुझ्या बाबांचं लाकूड शाबूत आहे. सुटलाय तो सांधा. पोटाची फळी मी नेहमी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतो. लाकूड आकसलं की त्याला कुठेतरी सुटावंच लागतं. सांधा पक्का केला तर फळीच उभी तडकते. म्हणून सांधा कच्चा ठेवायचा, म्हणजे आधी तो रुसतो आणि लाकूड वाचतं. वेडे, तुझा चेलो फुटला नाही, त्याने स्वतःचा जीव वाचवलाय.

पहिलं काम, ती शेगडी लांब कर. चेलोच्या शेजारी पाण्याचं पातेलं ठेव, खोलीत ओली फडकी टांग. फट मिटत आली की मग सरस. पुडी एउलोहियो ड्रायव्हरकडे दिलीय. भिजवून कोमट कर, उकळलास तर तुझी खैर नाही. सुरीच्या पात्याने आत सोड आणि गच्च आवळ. आवळायला तुझ्याकडे शिकंजे नाहीत, तर आईने विणून दिलेला झुला गुंडाळ. आपण इथे तरी काय करतो? झुल्याच्या दोऱ्याच वापरतो ना!

आई म्हणते, तिकडे झुला टांगायला खुंटी नाही म्हणून तो खाटेखाली पडलाय हे तिला कळलंय. निदान कामाला येऊ दे, पण सरसाचा डाग पडला तर गाठ तिच्याशी आहे. आणि जेवत जा.

हातपाय गाळू नकोस, आमच्यावरचा जीवही तसाच राहू दे.
होनोरातो

*

ला पास, २७ जुलै २००३

ती. मामाला आणि (लपवून उपयोग नाही म्हणून) ती. आईला,
सा. न. वि. वि.

झालं! मला घेतलं! पुन्हा लिहिते, मला घेतलं.

आता सगळं सांगते. पातेलं ठेवल्यावर चार-पाच दिवसांत फट जवळजवळ मिटली. मी दिवा धरून, आरसा घालून आतून बाहेरून पाहिलं. फळीवर केसाएवढीही रेघ नाही. तिथेच खाली बसून रडले, मामा. सरस कोमट करताना साऱ्या घरात वास सुटला, तेव्हा दोन्या साबिनाने विचारलं की गाईचे खूर कोण शिजवतंय. मग झुल्यात गुंडाळलेला चेलो खाटेवर पाहून तिने आधी क्रुसाची खूण केली आणि नंतर दोन्ही टोकं ओढायला तीच पुढे सरसावली. डाग पडलाय, आई. छोटासाच आहे.

निवडीला पडद्याआड बसून वाजवायचं होतं. पहिल्या सुराला मधली जाड तार बोलली आणि वाटलं, खरखर गेली, आता माझं मी बघते. पडदा सरकल्यावर परीक्षकांतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी विचारलं की हे वाद्य कुठल्या देशातलं. मी म्हटलं, उरुबिचाचं. तो कुठला देश, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपलाच.

लोभ आहेच, तो या वाद्याला सरस लावता लावता आणखी घट्ट झालाय.
रोसेन्दा

*

उरुबिचा, ३ ऑगस्ट २००३

चि. रोसेन्दाला,
अ. उ. आ.

जीव भांड्यात पडला, पोरी! एउलोहियोने बस थांबवायच्या आधीच खिडकीतून ओरडून सांगितलं. पाकीट बंद होतं, त्याला कसं कळलं ते विचारू नकोस.

आता तू निवांत आहेस, तर खरं सांगतो. लाकूड शाबूत आहे असं मी छातीठोक लिहिलं, पण इथे बसून मला काय दिसणार होतं? सांधा सुटला असेल, किंवा फळीही गेली असेल. पण शंका घेऊन लिहिलं असतं तर तुझा हात स्थिर राहिला असता का? पत्र बसमध्ये दिलं आणि कुणाला न सांगता थेट देवळात गेलो, मेणबत्ती लावायला. तर तिथे तुझी आई आधीच गुडघे टेकून! म्हणाली, रस्ता खराब आहे, ड्रायव्हरसाठी लावतेय. मीही म्हणालो, मीसुद्धा त्याच्याचसाठी. मग दोघं घरी आलो.

त्या ड्रायव्हरला आता काही होत नाही बघ.

पातेल्यात पाणी भरत जा, आणि आठवण आटू देऊ नकोस.
तुझा,
होनोरातोमामा