आक्का दाराबाहेर

औसा,
ता. ६ ऑक्टोबर २०२५

चि. सटवाजीस आक्काचे आशीर्वाद. आशीर्वाद हायेत, पण दातओठ खाऊन दिलेले.

मला फोनवर धड ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. माझी नात साक्षी ह्या कागदाचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकील. चष्मा सापडला न्हाई म्हणू नको.

तुझ्या मानेच्या नसेत जाळी बसवली, हे मला बाजारात तुमच्या गावच्या लिंबाजीकडून कळलं. सख्ख्या बहिणीला! तरी गप बसले. भाकरी अन् जवसाची चटणी बांधून, लातूरला गाडी बदलून नांदेडच्या दवाखान्यात आले. तर तुझी सून उज्वला दारात आडवी. भेटता येणार न्हाई म्हणाली. का, ते सांगेना. मी काय रस्त्यावरची हाय? बाकड्यावर बसून बसून शेवटी भाकरी दुसऱ्या पेशंटच्या बाईला दिल्या अन् परत फिरले.

आता तू नायगावला घरी आलास म्हणे. मला तूच अडवायला सांगितलं होतंस का, तेवढं लिही. मग माया ठेवायची का न्हाई ते बघते.

तुझी आक्का


नायगाव,
ता. ७ ऑक्टोबर

ती. आक्कास सटवाजीचा नमस्कार.

तू आली होतीस हेच मला कुणी सांगितलं न्हाई. तुझं पत्र वाचून उज्वलावर असा ओरडलो की शेजारचा व्यंकट पळत आला. पोरगा आदिनाथ म्हणतो, आबा, शांत बसा. घर माझं, बहीण माझी, अन् मी शांत बसू?

पण तूबी काय कमी न्हाईस. बाजारात कळलं म्हणून एवढं फुगायचं? तुझं पत्र वाचल्यापासून माझं डोकं ठणकून राहिलंय, नुसतं डावीकडनं, डोळ्याच्या मागं. भाकर जाईना. लहानपणापासून तू माझं डोकंच खात आलीस. घरात काही बोललो न्हाई, पुन्हा दवाखान्यात नेऊन टाकतील. बाम चोळून पडलोय.

लोभ आटला असला तर तसं कळव.

सटवाजी


नायगाव,
ता. ७ ऑक्टोबर, संध्याकाळ

ती. आत्याबाईंना उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आज मी पोटभर बोलणी खाल्ली. मलाही राग आलाय, म्हणून स्पष्ट लिहिते.

जाळी बसवण्याआधीच डॉक्टरांनी मेंदूच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करून सांगितलं होतं, की आबांच्या मेंदूची डावी बाजू कित्येक वर्षं कमी रक्तावर जगली आहे. मानेची नस मोकळी झाली की तिकडं रक्त जोरानं जाईल, आणि तो जोर आवरायची तिथल्या नसांना सवय राहिलेली नाही. म्हणून आबांना धोका इतरांपेक्षा जास्त. काही आठवडे बीपी अजिबात वाढू द्यायचा नाही, नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याच बाजूचं डोकं दुखायला लागलं, तर तसंच उचलून आणा म्हणाले.

हे आबांना आम्हीच समजावतो असं तुमच्या भाच्यानं डॉक्टरांना सांगितलं, आणि घाबरतील म्हणून समजावलंच नाही. तुम्ही दोघं भेटलात की आवाज चढतात. पोळ्याला भरल्या ताटावरून उठला होतात. म्हणून तुम्हाला अडवलं. डोकं दुखतं का, हे मी रोज विचारते. नाही म्हणतात. आता काही दिवस तुम्ही लिहू नका.

रागवा, पण मला परकी करू नका.

उज्वला


औसा,
ता. ९ ऑक्टोबर

चि. उज्वलास आशीर्वाद. लिहू नका म्हणालीस, तरी लिहितेय.

परवा तुझं पत्र वाचलं अन् साक्षीला हाका मारत सुटले. डावीकडचं डोकं ठणकतंय म्हणून त्याचं पत्र दुपारीच आलं होतं. मी मेली त्यावर हसले होते, बरी खोड मोडली म्हणून. साक्षीनं तवाच फोन लावला, तू उचललास अन् त्याला तसंच नांदेडला नेलंस, म्हणून तो आज हाय. बीपी लई चढला होता, पण रक्तस्राव झाला न्हाई, असं आदिनाथनं साक्षीला सांगितलं.

म्हातारी निवली असं समजू नको. माझ्या पत्रानं त्याचा बीपी चढला, हे माझ्या जिवाला लागलंय. पण मला दारात अडवलंस तवा चार शब्द खरे बोलली असतीस, तर भाकरी तुझ्या हातात देऊन गुमान परतले असते. तसलं पत्र लिहिलंच नसतं. डॉक्टरनं आधीच ओळखलं होतं. तुम्ही नवराबायकोनं ते पोटात ठेवलं, अन् ज्याचं डोकं त्यालाच पत्ता न्हाई. बाम चोळत बसला बिचारा.

त्याला सगळं सांगा, आजच सांगा. तुम्ही माझी माणसं, म्हणूनच एवढं बोलले.

आत्याबाई


नांदेड,
ता. १४ ऑक्टोबर

ती. आक्कास नमस्कार. पडून लिहितोय, अक्षर वाकडं आलंय.

आदिनाथनं सगळं सांगितलं. लई राग आला. पण दंडाला पट्टा बांधलेला हाय, बीपी वाढला की यंत्र वाजतं अन् सिस्टर येऊन दम देते. चिडायचीबी सोय ठेवली न्हाई ह्या लोकांनी.

दुखत होतं तर घरात का बोलला न्हाईत, असं डॉक्टरनं विचारलं. मी म्हणालो, सून रडली असती, पोरगा घाबरला असता. मग बहिणीला कसं लिहिलं? म्हणालो, तिला कुठं सांगायचं होतं, तिच्याशी भांडायचं होतं.

रविवारी ये. उज्वला दारात उभी राहणार हाय, तुला आत आणायला. चटणी नको, मीठ कमी करायला सांगितलंय. भाकरी आण, अन् ह्या खेपेला दुसऱ्या कुणाला देऊ नको. भांडण घरी गेल्यावर करू, माझा राग अजून हाय तसाच हाय.

डोकं आज दुखत न्हाई. खरं लिहितोय.

तुझा सटवाजी