आमची गाडी तेल पिते

८ जुलै, सोमवार

आमची गाडी तेल पिते. बाबांना पत्ता नाही; लाल दिवा लागेपर्यंत ते बॉनेट उघडत नाहीत. आज इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. आणि याच गाडीतून बाबा दोलोनच्या घाटापलीकडे प्रवासी नेतात!

घरात शिकलेली मी पहिली, शिकते तेही मोटारींचंच. जबाबदारी माझी. निर्धार: रोज सकाळी मोजायचं, इंजिन गार असताना, गाडी अंगणात जिथे उभी असते तिथेच. जागा बदलली तर ते शास्त्र नव्हे.

१० जुलै

काल एक बाटली ओतली. आज पुन्हा खुणेच्या खाली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता, तो कोरडा. म्हणजे गळत नाही.

शेजारच्या साग्यनबेककडे जुना ट्रॅक्टर आहे. तेल तोच काढून नेत असेल का, असं क्षणभर मनात आलं. फार लाज वाटली. त्याला वाडगाभर बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळून नेऊन दिले. कशाबद्दल, असं त्याने विचारलं. गरम आहेत तोवर खा, म्हटलं.

१२ जुलै

आणखी दोन बाटल्या. तरी खालीच.

स्टार्टर रुसलेला असतो म्हणून बाबा गाडी उताराकडे तोंड करून लावतात. सकाळी ढकलली की सुरू होते. आज ढकलली आणि मागून निळा धूर निघाला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. बाबा म्हणाले, गेल्या आठवड्यापर्यंत असा धूर नव्हता. मी अगदी वेळेवर लक्ष घातलं म्हणायचं.

१५ जुलै

निदान झालं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. जेवताना सांगितलं. 'बहुधा' हा शब्द तीनदा वापरला होता, कोणी ऐकला नाही. बाबांनी चमचा खाली ठेवला. इंजिन उघडायचं तर तांबडी घोडी विकावी लागेल, म्हणाले.

आई बादली घेऊन घोडीची धार काढायला गेली. परत आल्यावर एवढंच विचारलं, "तुझ्या पुस्तकात घोडी आहे का गं कुठे?"

२० जुलै, शनिवार

धूर वाढलाय. काल प्रवाशांनी भर उन्हाळ्यात काचा वर घेतल्या. मी अजून एक बाटली ओतली.

बाबांना म्हटलं, एक आठवडा थांबू. ते म्हणाले, घरचाच डॉक्टर सांगतोय, मग थांबायचं कशाला? आणि हे ते अभिमानाने म्हणाले.

२१ जुलै, रविवार

आतबाशीचा जनावरांचा बाजार. बाबा घोडीवर, मागून मी गाडी घेऊन, धुरात.

बाबांनी घोडीचे पुढचे पाय मातीच्या उंचवट्यावर ठेवून तिला उभी केली. उंच दिसते. सगळेच करतात. तोक्तोरबाय नावाचा खरेदीदार आला, बघून हसत बाबांना म्हणाला,

"द्युशोनआके, सपाटीवर आणा तिला. टेकाडावर माझी गाढवीणही अरबी दिसते."

मी पण हसले. मग हसू थांबलं.

बाजाराचं मैदान परातीसारखं सपाट. गाडीपाशी गेले. पट्टी पुसली, घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्या तीन बोटं वर.

धावले. बाबांचा हात तोक्तोरबायच्या हातात होता आणि दलाल ते दोन्ही हात हलवत होता. सौदा होतच आला होता.

"बाबा," मी म्हटलं, "गाडी आजारी नाही. तेल उताराकडे सरकतं, पट्टीला लागत नाही. आपलं अंगण तिरकं आहे."

पोरगी काय शिकते, असं तोक्तोरबायने विचारलं. बाबा म्हणाले, मोटारींचं. तेव्हा त्याने आपणहून हात सोडला.

२२ जुलै

जादा तेल काढलं, तेच जळत होतं. परात भरली. धूर बंद. घोडी गोठ्यात. आईने कुमीसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, पहिला वाडगा मला दिला, दुसरा घोडीच्या नावाने आपण प्यायली.

शांतपणे विचार केला तर माझं तत्त्वतः चुकलं नव्हतं. तेल रोज कुठेतरी जात होतं. इंजिनातच जात होतं.

निर्धार: उद्यापासून ब्रेक.

संध्याकाळी

तेलाची पट्टी जागेवर नाही. सगळीकडे शोधली. बाबांना विचारलं. कुमीसचा घोट घेऊन ते म्हणाले, "गाडीने खाल्ली असेल."