सभेतला प्रश्न

धाकट्या,

हे पत्र टाकणार नाही. तुझ्याआधी तुझी सेक्रेटरी वाचेल, ते मला चालायचं नाही.

तुझी मोबाइलची वायरलेस कंपनी वाढतेय म्हणून शेअर घेतले, असं मी लोकांना सांगतो. खरं तर तू तिथे मोठा साहेब झालास म्हणून घेतले.

परवा वार्षिक सभेत मी उठून विचारलं, "अहवालाच्या पान चौऱ्याऐंशीवरच्या बारीक टिपेनुसार, तीन महिने बंद असलेले नंबरही ग्राहकांत धरलेत. ते वगळले तर ग्राहक घटलेत. मग पुढची दहा वर्षं वाढ येणार कुठून?"

तू मंचावरून म्हणालास, "मागचे गृहस्थ, विषय तांत्रिक आहे. तुम्हाला नाही कळायचा."

गृहस्थ! अरे, रेडिओ कसा चालतो हे तू माझ्याच दुकानात शिकलास.

शेजारचा हसला, "काका, बसा. चहा गार होतोय." वजाबाकी तीनदा तपासली होती, तरी बसलो.

आज एक सोडून सगळे शेअर विकले. दलाल म्हणाला, "एकाचं काय लोणचं घालणार?" एका शेअरवरही सभेला बसता येतं, आणि घरी यायचं तर तू केव्हाच सोडलंस.

तुझा,
दादा