टारफुल्याची पांढरी फुलं

तीर्थरूप दादास,

एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझा पांढरा बैल शिवी दिल्याशिवाय पाऊल उचलत नाही. वीस वर्षं अकोल्यात संस्कृत शिकवलेल्या माणसाने रविवारी सकाळी वावराच्या धुऱ्यावर उभं राहून काय काय उच्चारावं, याचा विचार तू जाण्यापूर्वी करायला हवा होतास.

उद्या अक्षय तृतीया. तुझ्या नावाने पितरांची घागर भरायची, तेव्हा आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलेलं बरं.

तू गेलास त्या साली नाल्याकाठच्या वावरात ज्वारीची कणसं भरदार होती. म्हणून पुढच्या साली मी तिथंच पुन्हा ज्वारी पेरली. पहिला आलेल्या मुलाला परत त्याच वर्गात बसवलं म्हण ना. दर साली तू पीक का फिरवायचास, हे विचारायला मला काय झालं होतं? आणि सांगायला तुला?

श्रावणात ज्वारीच्या बुडाशी नाजूक पांढरी फुलं आली. निंदणाऱ्या बायांना मी ती उपटू दिली नाहीत.

"मास्तर, टारफुला हाय हा," शांताबाई म्हणाली. "ज्वारीच्या मुळातून रस पेते थो."

"राहू द्या, शोभून दिसतंय."

"मंग दिवाळीले फुलंच दळून खा."

कणसं पोचट निघाली. वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, ह्यायच्या हातात असतानी ह्या वावरात असं कंदी झालं नाई." त्यापेक्षा तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी शहाणा झालो. मूग घेतला, त्यावर हरभरा, पुढच्या साली तूर. खतासाठी उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या. युरियाची एकही गोणी बांधाच्या आत येऊ दिली नाही. परवा ढेकूळ उचललं तर मुठीत सहज फुटलं. दादा, तेवढ्यावर मी दोन दिवस मिरवलो.

आता जूनमध्ये तिथं ज्वारीची पाळी आहे. वहिनीने बजावलंय, "अवंदा टारफुला निंगाला, त वावर मक्त्यानं दुसऱ्याले देईन. मंग थे लोक सोयाबीनवर सोयाबीन घेवोत नाई त काही करोत."

ज्वारी येईल, मला खात्री आहे. पीक फिरवणं मी सोडणार नाही, आणि टारफुला दिसलाच तर फुलायच्या आत स्वतः वाकून उपटीन. हा शब्द तुला.

फक्त एक आहे. त्याचं बी म्हणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. माझी ती एका सालची चूक तुझ्या वावरात अजून जिवंत असेल, याची मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
मधू