खुणेच्या पुढे दीड हात

आप्पा, मागच्या सोमवारी तुम्हाला लिहिलेल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. ती आधी दुरुस्त करते, मग पुढचं लिहिते. वखारीतल्या बायका मला बघून हसल्या आणि म्हणून मी दारातूनच परत फिरले, असं मी लिहिलं होतं. त्या हसल्या हे खरं आहे. मला बघून हसल्या, हे मी माझ्या पदरचं घातलं. मी दारात पोचले तेव्हा त्या सगळ्या पाठमोऱ्या होत्या आणि मी आल्याचं एकीलाही कळलं नव्हतं. तुम्ही हे वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तरी आठ-दहा बायकांवर खोटा आळ घेतलेला कागद तुमच्या नावानं पेटीत पडून राहावा, हे मला सोसवेना.

ही वखार तंबाखूची आहे. वडगावचं घर सोडून आई आणि मी इथं निपाणीला आलो त्याला चार वर्षं झाली. मी मुलींच्या शाळेत शिकवते. गावात जिकडे तिकडे वखारीच वखारी. माल आला की गल्लीतून चालताना डोळ्यांना पाणी येतं. पावसाळ्यात मात्र पुष्कळशा रिकाम्या असतात. त्यातल्या एका वखारीच्या मालकांनी नवा माल येईपर्यंत ती बायकांच्या व्यायामवर्गाला दिली आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरांच्या बायको हा वर्ग चालवतात. सगळ्याजणी त्यांना आक्का म्हणतात. सूर्यनमस्कार, लेझीम आणि थोडी लाठी असं शिकवतात. शाळा सुटल्यावर माझी वाट तिथूनच जाते. श्रावणात एकदा उघड्या खिडकीतून मला लेझमीचा आवाज आला. मी थांबून आत बघितलं, आणि मला तिथं जावंसं वाटलं. इतकं साधं आहे ते. आणखीही कारण आहे. शाळेचा जिना चढून वर्गात गेल्यावर मला धडा लगेच वाचता येत नाही. फळ्यावर तारीख लिहायचं निमित्त करून मी मुलींकडे पाठ करते आणि श्वास खाली बसेपर्यंत अक्षरं गिरवत राहते. सव्विसाव्या वर्षी हे असं आहे. पण ही कारणं मी नंतर जमवली. आधी नुसतं जावंसं वाटलं होतं, आणि एवढ्या जाड बाईला असलं काही वाटावं याचीच मला लाज वाटली.

महिनाभर रोज त्या खिडकीवरून गेले. शेवटी मागच्या सोमवारी दारापर्यंत गेले, तर आत सगळ्याजणी एकदम हसल्या. मी घरी आले आणि तुम्हाला ते पत्र लिहिलं. बुधवारी मधल्या सुट्टीत आक्का स्वतःच शाळेत आल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक समोरच्या दुकानदारानं मला मागं फिरताना पाहिलं असावं. "मास्तरीणबाई, सोमवारी दारापातूर आलासा आणि तसंच गेलासा व्हय?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काम आठवलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आमी हसत हुतो म्हणून गेलासा. आवो, वखार किती बी झाडली तरी फटीत तंबाकू ऱ्हातोयच. लेझीम आपटली की उडतोय. मोजता मोजता सावकाराच्या सुनेला शिंका धरल्या, त्या थांबंनातच. पाच म्हणायच्या जागी शिंक, सहा म्हणायच्या जागी शिंक. मग कोण हसू आवरतंय?" जाता जाता त्या परत वळल्या. "आणि अंगाचं म्हणत असाल, तर तिथं तंबाकूचं बोद तोलायचा काटा हाय. समद्यांची वजनं त्येच्यावरच झाल्यात. मी बसले तर मापाडी म्हणतोय, आक्का, ह्यो बोद अजून सुकला न्हाय." शिक्षकांच्या खोलीतल्या इतर बाया मोठ्यानं हसल्या आणि मीही हसले. मग एकटी असताना मला आठवलं, की मी तुम्हाला काय लिहून ठेवलं आहे.

तुम्ही मला हेच तर शिकवलं होतंत. शाळेत घालण्याआधी तीन वर्षं मी तुमच्या हातमागाशेजारी बसून शिकले. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडून तिकडे जातो आहे, आणि मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर गेरूनं अक्षरं काढते आहे. विणता विणता मान न वळवता तुम्ही म्हणता, "वाच." मी वाचते. एखादा शब्द मी अंदाजानं वाचला तर तुम्हाला न बघताच कळतं. "दिसतंय त्ये वाच. वाटतंय त्ये नगं." एकदा नळावरून मी रडत आले. मी नऊ वर्षांची असेन. पोरी मला हसल्या, असं सांगितलं. तुम्ही माग थांबवला आणि विचारलंत, "हसल्या ह्ये दिसलं. तुला हसल्या ह्ये कुठं दिसलं गं?" मी खाली बसून गेरू उचलला. तुम्ही म्हणालात, मग तेवढं सोडून दे, आणि पुन्हा माग चालू केलात. तो शब्द मला फार लागला. आज सांगते, आप्पा, त्या दिवशी त्या मलाच हसल्या होत्या. त्यातली एक कमरेवर कळशी घेऊन माझ्यासारखी चालून दाखवत होती. ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्हीही माझं चालणं डोळ्यांपुढे आणलं असतं.

माझी सगळी भिस्त त्यावरच होती. घरातल्या-दारातल्या सगळ्यांना मी जाड दिसते, एक आप्पांना दिसत नाही, असं मी धरून चालले होते. शेजारची मावशी दोरीवर वाळणारं माझं लुगडं बघून "लुगडं हाय का तंबू?" म्हणायची. आई ताटात भाकरी वाढताना हात आखडायची आणि मग तिलाच वाईट वाटून अर्धी जास्त वाढायची. पुढे मला बघायला आलेले लोक निरोप धाडायचे, मुलगी गुणाची आहे पण अंगानं जड आहे. तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत. रागानंही नाही आणि मायेनंही नाही. वाईट प्रसंगी मला त्याचाच आधार होता, की एक माणूस तरी असं होतं ज्याला माझं अंग दिसतच नव्हतं.

आता शुक्रवारचं सांगते. आक्कांनी वर्गाला यायचं तर लुगडं घट्ट कासोट्याचं नेसून पदर कमरेला बांधायला सांगितलं होतं. मी खोलीचं दार लावून नेसून बघितलं. दुकानातलं नऊवारी. कासोटा घट्ट ओढला तर पदर कमरेला पोचेना, पदर आवळला तर कासोटा वर चढून पोटऱ्या उघड्या पडायला लागल्या. तीन वेळा सोडून तीन वेळा नेसले. चौथ्यांदा घामानं कापड अंगाला चिकटलं आणि मी तशीच खाली बसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडं बरंही वाटलं. जाता येत नाही याचं आता एक कारण मिळालं होतं, आणि त्यात कुणावर खोटा आळ नव्हता. आईनं बाहेरून हाक मारली. मी दार उघडल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, काही न विचारता ट्रंकेतून तुम्ही घरासाठी विणलेलं शेवटचं लुगडं काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. "ह्ये नेस. पुरंल."

ते पुरलं. कासोटा घट्ट बसला, पदर खांद्यावरून येऊन कमरेला वळसा घालून खोचता आला, आणि तरी वर वीतभर उरला. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. म्हणून मी ते फेडलं, दुकानातल्या लुगड्याशेजारी जमिनीवर अंथरलं आणि हातानं मोजलं. तुमचं लुगडं दीड हात जास्त लांब आहे. पुन्हा मोजलं. दीड हात.

आणि मग मला तो दिवस आठवला. मी बारा वर्षांची. तुम्ही घरचं लुगडं विणताय, मी रहाटावर सुताच्या कांड्या भरतेय. एका लुगड्याची लांबी संपली की ताण्यावर गेरूची खूण असते, तिथं थांबायचं हे मला तोवर पाठ झालेलं. ती खूण फणीतून पुढे आली आणि तुम्ही थांबला नाहीत. मी ओरडले, "आप्पा, खूण मागं पडली!" तुमची चूक मी धरली म्हणून मला काय आनंद झाला होता. तुम्ही मान वर केली नाहीत. "पडू दे गं. सूत उरलंय." मी पुढे शेजारच्या पोरींना, शाळेतल्या बाईंना, अगदी इथल्या सोबतिणींनासुद्धा सांगत आले, की आमचे आप्पा इतके पक्के विणकर, पण एकदा त्यांनीही खूण चुकवली आणि ती मी पकडली. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे.

आईला विचारलं, तर ती चुलीतली राख ओढत म्हणाली, "चुकलं न्हवतं. पोरगी नेसायला लागली की पुरायला नगं व्हय, तुझं आप्पा म्हणालं. मी म्हटलं, सांगू का तिला? तर म्हणालं, सांगायचं काय हाय त्यात? नेसल्यावर पुरलं म्हंजे झालं." मी विचारलं, मग तू इतके दिवस का नाही सांगितलंस? "तू कवा विचारलंस?" आई म्हणाली.

म्हणजे तुम्हाला दिसत होतं. सगळ्यांत जास्त तुम्हालाच दिसत होतं. मावशीला नुसता तंबू दिसला, तुम्हाला त्याचं मापही दिसलं; आणि बारा वर्षांच्या पोरीचं विसाव्या वर्षी काय होईल हेसुद्धा तुम्ही धरलंत, कारण तुमची आई अशीच होती. शुक्रवारी रात्री मला जेवण गेलं नाही. कुठंतरी फसवल्यासारखं वाटलं. ज्या एका माणसाच्या नजरेत मी सडपातळ होते, ते माणूसच नव्हतं, असं वाटलं. शनिवारी गणपती पोचवायला गल्लीतली सगळी बाहेर पडली तेव्हा मी घरात बसून ते लुगडं पुन्हा पाहिलं. ज्या ठिकाणी ती खूण होती तिथं आता काहीच दिसत नाही. वीण तशीच आहे, हात कुठं घाईला आलेला नाही, काठ वाकडा झालेला नाही. नाराजीनं विणलेलं कापड मला ओळखता येतं. तेवढं मी तुमच्याजवळ शिकले आहे. हे तसं विणलेलं नाही.

दिसतं तेच वाचायचं म्हटलं, तर यापलीकडे मला वाचता येत नाही. तुम्ही मला बघत होतात आणि हसत नव्हतात. दोन्ही एका वेळी होऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी जन्मभर बघण्यालाच हसणं समजत आले. वखारीतल्या बायका तर बघतही नव्हत्या. उद्या बघतील. बघू देत, असं लिहायला हात धजत नाही अजून. पण बघतील, एवढं लिहिते.

आज पौर्णिमा. उद्यापासून म्हाळाचे, पितरांचे दिवस. सकाळी मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, वर्गाला जावं का गं? "जा की. पण म्हाळात नवं काय धरू नगंस बाई. पंधरा दिस जाऊ देत." ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मला स्वतःची ओळख पटली. पंधरा दिवस झाले की घट बसतील. मग शाळेच्या परीक्षा, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतर आक्का म्हणतील, यंदा राहू दे, आता वखार साफ करून मालकांना परत द्यायची आहे. मी कारणं शोधायला जात नाही, आप्पा. ती माझ्या घरी आपण होऊन येतात. शिवाय हा पंधरवडा तुमचा आहे. तुम्हाला राग येईल म्हणून मी थांबले, असं मी कुणाला सांगितलं, तर तो तुमच्यावर खोटा आळ होईल. बायकांवर घेतला तसाच.

म्हणून उद्या येते, असा आक्कांना निरोप पाठवला आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. शाळेतून परस्पर जाईन आणि आल्यावर सांगेन. आणखी एक कबूल करते, म्हणजे हा कागद तरी खरा राहील. दुपारपासून आभाळ भरून आलं आहे, आणि उद्या जोराचा पाऊस लागावा, वर्ग बंद राहावा, असं माझ्या मनात दोनदा येऊन गेलं. पाऊस लागला तरी वखारीला छप्पर आहे. उद्या, सोमवार, भाद्रपद वद्य प्रतिपदा, संध्याकाळी साडेपाच वाजता.