तीन फुटांवरचा शॉवर

१४ नोव्हेंबर, सकाळ

ताईस,

बारक्याचा नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझा खांदा कसा आहे, हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. चार वर्षांनी लिहितोय. तू आमच्या बाथरूममध्ये उजव्या खांद्यावर पडलीस, मी तुझ्या साबणाला दोष दिला, आणि तू दवाखान्यातून परस्पर आपल्या घरी गेलीस ती आजतागायत इकडे फिरकली नाहीस.

लिहायचं कारण वेगळंच. घरात काहीतरी शिजतंय. तुझी भावजय आणि भाची मिळून बाथरूमसाठी नवा शॉवर निवडताहेत आणि मला विचारत नाहीत. मला! तीस वर्षं लोकांचे नळ जोडतोय मी. मी खोलीत पाय ठेवला की दोघी एकदम भाजीच्या भावावर बोलायला लागतात. परवा विचारलंच, "कसला शॉवर घेताय?" तर बायको म्हणते, "टिकाऊ आणि पुसायला सोपा." बस्स. इतकं सरळ उत्तर ती मला जन्मात देत नाही. तिथेच मनात पाल चुकचुकली.

उठलो आणि दुकान गाठलं. दुकानदार माझ्या जुन्या ओळखीचा, पण त्याच्याही तोंडाला कुलूप. "वहिनींनी सांगू नका म्हटलंय." म्हटलं, "वा रे वा! बाथरूम माझं, आणि गुपित तुझं?" शेवटी त्याने बाजूला काढून ठेवलेलं खोकं दाखवलं. खोड काढायची म्हणूनच शॉवर हातात घेतला, तर खोड सापडेना. आतून पितळी, वजनदार. छिद्रांना रबराची बोंडं, क्षार साचले की नुसता अंगठा फिरवायचा. कुठे खाच नाही, मळ अडकायला जागा नाही. काचेचं दारसुद्धा नको म्हणाल्यात, डाग पुसत बसावे लागतात म्हणून. मी निवडला असता तर हाच. त्याचाच जास्त राग आला.

खोक्यात तुझ्या भाचीच्या अक्षरात एक चिठ्ठी होती. लांब नळी, दांडी तीन फुटांवर, भिंतीत पक्कं बसवलेलं आसन. तीन फूट! उभ्या माणसाच्या कमरेशी शॉवर कोण लावतं? बसून आंघोळ करणाऱ्यासाठी लावतात. म्हाताऱ्यांसाठी मी स्वतः कितीतरी लावलेत. डोकंच फिरलं. म्हणजे मला मोडीत काढलं यांनी! हल्ली जिन्यात मधेच थांबतो, ते बघितलं असणार. चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन दोन दिवस अबोला धरला. बायको म्हणाली, "लहान मुलासारखं रुसायला काय झालं?" मी म्हटलं, "म्हाताऱ्यासारखं म्हण."

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. चिठ्ठी पुन्हा काढली, तेव्हा कुठे शेवटची ओळ नीट वाचली. "सगळं डाव्या हाताला." मी तर उजवा. मग एक स्टूल बाथरूममध्ये नेलं, त्यावर बसलो, उजवा हात पोटाशी धरला आणि डाव्याने भिंत चाचपली. ताई, तेव्हा कळलं गं.

त्या तुला आणताहेत. तुझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नसणार आणि हे त्यांना ठाऊक आहे, म्हणजे तुमचं बोलणंही चालू आहे. मला अंधारात ठेवलंत ते बरंच केलंत. मी नक्की खोडा घातला असता. तुझ्या रागाला भिऊन नाही. तू आलीस की एक ना एक दिवस मला विचारशील, त्याला भिऊन.

तर आत्ताच सांगतो. दोष साबणाचा नव्हता. तो जुना शॉवर बंद केल्यावरही ठिबकत होता, तीन आठवडे. फरशीवर बुळबुळीत थर आला होता, रोज माझ्याच पायांना लागायचा. एका वॉशरचं काम. लोकांची कामं आधी, घरचं रविवारी, असं करत राहिलो. तुला दवाखान्यात पोचवून मी तुझे कपडे आणायला परत आलो होतो ना? आल्या आल्या आधी वॉशर बदलला. फरशी ब्रशने घासून काढली. नंतर सगळ्यांना नेऊन दाखवलं, बघा, शॉवर कालच दुरुस्त केलाय, थेंबसुद्धा नाही, ताईचाच साबण. तुझ्या भावजयीचाही विश्वास बसला. कपडे घेऊन उशिरा पोचलो, तर खाटेवरून तू मलाच विचारलंस, "दमलास का रे?" ताई, मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी मी गप्प बसलो.

हे पत्र पेटीत टाकून घरी जाणार आणि दोघींना हेच सांगणार. तू यायचं की नाही, ते आता सगळं कळल्यावर ठरव. या घरात पाऊल नको असेल, तर शॉवर घेऊन मीच तिकडे येतो. तीन फुटांवर, डाव्या हाताला लावतो आणि पाणीही न पिता परत फिरतो. दार तेवढं उघड.

तुझा अपराधी,
बारक्या