दिवा जाऊ नये म्हणून

१२ मार्च

संध्याकाळी लाइट गेली आणि पाठोपाठ हे गेले.

मी स्वयंपाकघरात होते. मेणबत्ती शोधून बाहेरच्या खोलीत येते तो खुर्ची रिकामी, दार सताड उघडं. कोपऱ्यावरच्या खांबापाशी सापडले. अंगात पायजमा, पायात घरातल्या चपला, कमरेला खांबावर चढताना बांधायचा नोकरीतला जुना पट्टा, हातात पक्कड. मान वर करून तारांकडे बघत उभे. नशीब, ड्यूटीवरचा वायरमन तिथे आलेला होता. यांच्याच हाताखाली शिकलेला. यांच्या खांद्यावर हात टाकून हळूच सांगत होता — काका, आज ही लाइन माझ्याकडे दिलीय, तुम्ही घरी जा.

तर परत येताना माझ्यावरच रागावले. अंधारात कशाला बाहेर आलीस म्हणून!

पक्कड पिठाच्या डब्यामागे लपवली. पट्टा मात्र काढू देईनात. तसेच झोपले.

१३ मार्च

लेकीचा फोन. समोरच्या मास्तरांनी तिला सगळं कळवलेलं. 'आई, झेपणार आहे का तुला?' तिच्या गावात म्हणे अशा विसरभोळ्या माणसांना सांभाळणारी एक जागा आहे. स्वच्छ, पुढे बाग, चोवीस तास माणसं. बाबांना तिथे ठेवायचं, मी तिच्याकडे राहायचं, रोज जाऊन भेटायचं. चुकीचं काही बोलत नव्हती ती. बोलता बोलता तिने नळ सोडला. लहानपणापासून रडायचं असलं की नळ सोडते. मीही मग ऐकू येत नसल्यासारखं केलं.

तिला काय सांगू? सकाळी काय खाल्लं ते यांना आठवत नाही. मला 'बाई' म्हणतात. 'अहो बाई, जरा पंखा लावता का?' — इतकं गोड उभ्या संसारात कधी बोलले नव्हते! हसू आलं. मग आत जाऊन डोळे पुसले.

आणि लाइट गेली की मात्र सगळं लख्ख आठवतं. डॉक्टर म्हणाले, जे काम हातात मुरलेलं असतं ते सगळ्यात शेवटी जातं. यांनी जन्मभर एकच काम केलं. लाइट गेली की उठायचं, आणि ती आणायची.

१७ मार्च

दिवसभर लाइट येतेय, जातेय. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. हे दार हलवत राहिले. घर आहे की कोठडी!

२४ मार्च

मास्तरांनी एक कागद आणून दिला. छपरावर सूर्यावर चालणाऱ्या तावदानांचं — सोलर पॅनलचं. सत्तरी ओलांडलेल्यांना बराचसा खर्च सरकार देणार. मास्तर म्हणाले, बिल वाचेल. मी म्हटलं, बिल गेलं उडत, घरातला दिवा जायचा थांबेल का? ते म्हणाले, थांबणारच की, सूर्य काय भारनियमन करतो?

रात्रीची भांडी घासताना पहिल्यांदा जिवाला जरा बरं वाटलं.

२८ मार्च

सरकारी ऑफिसात गेले. मास्तर यांच्यापाशी बसले.

मी स्वतः दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीमागे नोकरी केलेली. तेव्हा पक्कं माहीत आहे, ओरडत येणाऱ्याचा कागद सगळ्यात खाली जातो. खिडकीतल्या बाईंना आधी म्हटलं, किती खडखडतो हो हा पंखा तुमच्या डोक्यावर, डोकं दुखत असेल. त्या हसल्या. कागद तिथल्या तिथे तपासून दिले. पुढच्या आठवड्यात छप्पर बघायला माणूस येणार.

४ एप्रिल

छप्पर बघणारा आला. इतका उंच की दारातून वाकून आत. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं — उंटराव. छप्पर पसंत पडलं. ऊन भरपूर, सावली कशाची नाही. मी खुशीत. सहज म्हटलं, म्हणजे आता बाहेर लाइट गेली तरी आमची राहणार.

तर म्हणतो, नाही मावशी. बाहेरची गेली की ही पण आपोआप बंद पडते. तशीच बनवलेली असते.

मी म्हटलं, अहो, मग उपयोग काय? भर उन्हात छपरावर एवढं मोठं धूड आणि घरात अंधार? हा कुठला नियम? त्याने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

'तारेवर माणूस असतो.'

आम्ही दोघं वळून बघायला लागलो. हे भिंतीकडेच बघत होते. सावकाश, एकेक शब्द. 'लाइन बंद म्हणून तो वर चढतो. खालून कुणाच्या घरातून करंट गेला तर जाईल तो.'

उंटराव म्हणाला, बरोबर काका, त्याचसाठी. आणि हातातले कागद मिटून मांडीवर ठेवले. मी चहा टाकला. चहा आला तोवर यांना तो कोण हेही आठवत नव्हतं.

जाताना त्याने सांगितलं, जोडीला बॅटरी घेतली तर घर बाहेरच्या तारेपासून तोडता येतं. मग वरच्या माणसालाही धोका नाही आणि घरातही उजेड. पण बॅटरीला सरकारची मदत फक्त आजारी माणूस असेल तर. डॉक्टरांची चिठ्ठी लावा.

११ एप्रिल

चिठ्ठी लावली.

२ मे

नामंजूर. आजारी माणूस यंत्रावर अवलंबून असलेला हवा. श्वासाचं यंत्र, नाहीतर तसलं काही. विसरण्याला यंत्र नसतं.

९ मे

दुपारी वारा सुटला. लाइट गेली. दाराला कुलूप होतं, पण हे मागच्या न्हाणीच्या दाराने गेले. बोळात रंगाऱ्याची शिडी पडलेली असते हे माझ्या लक्षातच नव्हतं. यांच्या होतं. मी पोचले तेव्हा शिडी खांबाला लावून हे निम्म्यावर. ओरडले असते तर दचकले असते. मी शिडी धरली. दुसरं काय करणार! वरून म्हणाले, 'नीट धर. सोडू नकोस तू.' आवाज कसा, पंचवीस वर्षांच्या माणसाचा. पाय एकदाही डगमगला नाही.

तो वायरमन गाडीवरून आला. त्याने बघितलं, आणि गाडीवरूनच मोठ्याने म्हणाला, 'काका, परमिट आलेलं नाही अजून!' लाइन खरंच बंद केल्याचा कागद हातात आल्याशिवाय वर चढायचं नाही, हा यांच्या खात्याचा कायदा. हे तिथेच थांबले. आणि शिस्तीत एकेक पायरी उतरून आले.

हे खाली आल्यावर मीच शिडीच्या पायात अडखळून पडले. गुडघा फुटला.

१० मे

लेक आली. माझा गुडघा बघितला. बाबांची नखं कापली. दाढी केली. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही नव्या नर्स का? ती हो म्हणाली.

निघताना म्हणाली, 'आई, आता पुन्हा असं झालं तर मी विचारायला थांबणार नाही. येईन आणि घेऊन जाईन.' मी म्हटलं, बरं. तिच्या जागी मी असते तर आजच नेलं असतं.

१३ मे

लंगडत ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी आधी गुडघ्याचं विचारलं. सांगितलं सगळं. शिडी, खांब. मग म्हटलं, बाई, तुमच्या नियमात यंत्र हवंय. माझ्या घरात यंत्र नाही, एक दिवा आहे. तो लागलेला असेतोवर माणूस घरात असतो. विझला की गेला. आता त्याला यंत्र म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

माझ्या मागे रांग होती. तरी त्या उठल्या, कागद घेऊन वर साहेबांकडे गेल्या. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही, हे विशेष. खाली येऊन म्हणाल्या, साहेब स्वतः येऊन बघणार आहेत. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्या, आणि आत्ता मला सांगितलंत ते सगळं त्यात येऊ द्या.

२९ मे

साहेब आले. बोलघेवडे नव्हते. घरभर फिरले, न्हाणीचं दार बघितलं, आता मी तिथे लावलेली कडी बघितली. यांच्यासमोर बसले. विचारलं, कसे आहात? हे म्हणाले, ठीक, पण आज स्टाफ कमी आहे.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, आमच्याकडेही.

२० जून

मंजूर!!

मास्तरांना दारातूनच ओरडून सांगितलं. हे दचकले. त्यांची माफी मागितली तर म्हणाले, असू दे बाई, आनंदाची बातमी दिसतेय.

८ जुलै

पॅनल बसवायला उंटराव दोन माणसं घेऊन आला. हे अंगणात खुर्ची टाकून बसले. पहिला माणूस शिडीवर पाय ठेवतो तोच हे उठले. स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला. मार्चपासून मला हात लावू दिला नव्हता त्याला! त्या माणसापुढे धरला आणि म्हणाले, बांध. तो उंटरावाकडे बघायला लागला. त्यांचे स्वतःचे चांगले नवे पट्टे होते. उंटराव म्हणाला, काका सांगतात ते कर. त्याने आपल्या पट्ट्यावर हाही बांधला आणि वर गेला. काम संपेपर्यंत हे मान वर करून उभे होते. बसले नाहीत.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. भिंतीवर बॅटरीचं पांढरं कपाट, त्यावर हिरवा ठिपका. उंटराव मला मेन स्विच दाखवायला लागला. वर केला की सगळं चालू, खाली ओढला की सगळं घर बंद, कधी दुरुस्ती निघाली तर. मी म्हटलं, आता याला कोण हात लावतंय!

१५ जुलै

लाइट गेली. म्हणजे बाहेरची! सगळी गल्ली काळीकुट्ट आणि आमच्या घरात दिवा. पंख्याने गिरकीसुद्धा चुकवली नाही. मी धावत बाहेरच्या खोलीत. हे वाटाणे सोलत होते. वरही बघितलं नाही. मी खाली बसून त्यांच्याबरोबर वाटाणे सोलले. नंतर मास्तर फोन चार्ज करायला आले, त्यांनाही सोलायला बसवलं.

१६ जुलै

कुलूप काढलं. किल्ली गळ्यातून उतरवली.

५ ऑगस्ट

लेक राहून गेली. इथे असताना तिने त्या जागेला फोन करून तिथे नोंदवून ठेवलेलं यांचं नाव काढून टाकलं. मला मुद्दाम ऐकू जाईल असं, नळ न सोडता. गुडघाही बरा आहे.

२२ ऑगस्ट

सगळं छान चाललंय. हे शांत असतात. कुठे उठत नाहीत. हाक मारली की वळतात, जेवण वाढलं की जेवतात. मास्तर म्हणाले, सुटलात. हो म्हटलं.

११ सप्टेंबर

हे लिहू की नको? पण लिहायचं नाही तर मग वहीशी तरी खरं कधी बोलायचं?

आज दुपारी यांनी विचारलं, 'बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?' मी म्हटलं, मिस्टर आहेत. 'काय करतात?' वायरमन होते. यांनी मान हलवली. 'चांगलं काम आहे,' म्हणाले. आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

तेव्हापासून एकच डोक्यात. मला ते शेवटचं 'तू' कधी म्हणाले? आठवून आठवून पाहिलं. जेव्हा जेव्हा म्हणाले, तेव्हा लाइट गेलेली होती. अंधारात त्यांना खांब आठवायचे, तारा आठवायच्या, आणि त्यात मी पण असायचे. खाली उभी, शिडी धरून. लाइट आली की पुन्हा बाई. माझ्या हे ध्यानातच आलं नाही. मी आपली त्यांच्या मागे धावत होते.

जुलैपासून आमच्याकडे एकदाही अंधार झालेला नाही.

१४ सप्टेंबर

संध्याकाळी पुढच्या दाराला कुलूप घातलं, न्हाणीची कडी लावली आणि मेन स्विच मीच खाली ओढला.

खुर्ची करकरली. मग त्यांचा आवाज — 'तू आहेस तिथेच थांब. मी येतो तुझ्यापाशी.'